माधुकरीपासून पाळीपर्यंत

आळंदीत सकाळी फेरफटका मारला, तर एकाच वयाच्या मुलांचे दोन जथे दृष्टीस पडतात. पहिला जथा पांढऱ्या सदऱ्या-धोतरातला; कपाळी गंध आणि बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, काखेत झोळी. ही मुले वारकरी शिक्षण घेणारी. जोगमहाराजांनी १९१७ साली येथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. आणि विद्यार्थ्याने माधुकरी मागून पोट भरावे, उरलेला सारा वेळ पाठाला द्यावा, अशी रीत तेथे रुजली. दुसरा जथा चाकणच्या वाटेला तोंड करून उभा असतो. अंगात कारखान्याचा सदरा, गळ्यात ओळखपत्राची फीत, पाठीला पिशवी. बस येते, मुले चढतात आणि पाळीवर जातात. त्यांतल्या एखाद्याच्या पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी बी. ए. किंवा बी. कॉम. च्या दुसऱ्या वर्षाचे पुस्तक असते. ते सहसा कोणाला दिसत नाही. मला ठाऊक आहे, कारण या पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षे अशा मुलांना इतिहास शिकवला.

हे दोन जथे मला एकाच प्रश्नाची दोन उत्तरे वाटतात. ज्याच्या घरी पुरेसे अन्न नाही, त्याने शिक्षण पुरे होईपर्यंत जेवायचे कोठे, निजायचे कोठे, आणि त्याचे मोल कशाने चुकवायचे, हा तो प्रश्न. आपल्या शिक्षणाचा इतिहास शाळा-कॉलेजांच्या स्थापनेच्या सनावळ्यांनी भरलेला आहे. विद्यार्थ्याच्या ताटाचा इतिहास मात्र आठवणींतून आणि आत्मचरित्रांतून विखुरला आहे. तो एका ओळीत मांडून पाहावा, असे पुष्कळ दिवस मनात होते. त्यामागे एक व्यक्तिगत कारणही आहे. ते ओघाने पुढे येईलच.

प्रथम पुण्याकडे वळू. गेल्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पुण्यात गरीब विद्यार्थ्याला दोन आधार होते: वार आणि माधुकरी. वार म्हणजे सात घरी सात दिवस ठरवून घेतलेले जेवण. सोमवार जोश्यांकडे, मंगळवार लेल्यांकडे, असा आठवडा बांधला की मुलाचा संसार लागला. त्यात एखाद्या घरी सुतक आले, कोणी आजारी पडले किंवा घरची मंडळी परगावी गेली, की तो वार सुटला. त्या दिवशी पाणी पिऊन निजायचे. माधुकरी त्याहून कठीण. तीत दारोदार उभे राहून पुकारा करायचा आणि झोळीत पडेल ते आणून खायचे. या दोन आधारांवर कित्येक वकील, शास्त्री, शिक्षक उभे राहिले. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले. त्यातल्या मुलांनीही आरंभीच्या काळात माधुकरी मागितली आहे.

त्या पिढीच्या कष्टांच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी ऐन पावसात सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैलांची वाट पायी तुडवली. परीक्षेला सतरा वर्षे पुरी लागत. समितीच्या अध्यक्षांना हा मुलगा सतरा वर्षांचा दिसेना, म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. पुढे कोल्हापुरास ती परीक्षा देऊन, मुंबईस शिकवण्या करीत करीत १८८४ साली ते बी. ए. झाले. आगरकरांचा एकुलता सदरा रात्री धुऊन सकाळी अंगात चढे, ही आख्यायिकाही सर्वांना परिचित आहे. या कथा सांगताना आपण त्यांच्या जिद्दीचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु इतिहासाच्या शिक्षकाला एक अप्रिय प्रश्न विचारावाच लागतो: त्याच गावी, त्याच वयाचा, तितकाच जिद्दी असा कुणब्याचा, माळ्याचा किंवा महाराचा मुलगा कोणाच्या दारी वार मागणार होता? वार आणि माधुकरी ही जुन्या समाजाची शिष्यवृत्ती होती खरी. पण तिच्या अर्जावर जातीचा रकाना पहिला होता. ज्याला ती मिळे, त्याने तिचे मोल दारात उभे राहून चुकवायचे. ज्याला ती मिळू शकत नव्हती, त्याला मोल विचारण्याचाही अधिकार नव्हता.

ही उणीव प्रथम ज्यांनी नेमकी ओळखली, ते जोतीराव फुले. त्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, हे सर्वांना ठाऊक असते. पण १८५५ साली त्यांनी आपल्या घरी रात्रीची शाळा चालवली, हे फारसे सांगितले जात नाही. दिवसा शेतात वा कामावर राबणाऱ्यांसाठी ती शाळा होती. राबणाऱ्या माणसाजवळ दिवसा वेळ नसतो, तेव्हा शाळेनेच आपली वेळ बदलली पाहिजे, हा साधा विचार त्या शाळेमागे होता. तो आजही आमच्या पुष्कळ महाविद्यालयांच्या पचनी पडलेला नाही. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीरावांनी दुसरी गोष्ट मांडली. सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या घामातून येतो, आणि त्यातून चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गालाच मिळतो, ही ती गोष्ट. कॉलेजचा खर्च कोण सोसतो आणि कॉलेजात बसतो कोण, हा हिशेब त्यांनी सरकारपुढे उघड केला.

हिशेब मांडणे वेगळे आणि त्याची फेड करणे वेगळे. फेड करण्यास आरंभ झाला कोल्हापुरात. शाहू महाराजांनी आधी सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. पण थोड्याच काळात त्यात वरच्या जातीचीच मुले उरली. तेव्हा महाराजांनी व्यवहारी मार्ग धरला. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच सुमारास जैनांचे. पुढे लिंगायत, मुसलमान आणि इतर समाजांची वसतिगृहे एकामागून एक उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्याचा जाहीरनामा आपल्याला पाठ असतो. परंतु जागा राखल्या तरी त्यांवर बसणारा पदवीधर पाहिजे. पदवीधर हवा तर चार वर्षे मुलगा गावाबाहेर टिकला पाहिजे. आणि तो टिकायचा तर त्याला भाकरी व छप्पर पाहिजे, ही साखळी महाराजांनी पुरती ओळखली होती. वसतिगृहांचा क्रम जाहीरनाम्याच्या आधी सुरू होतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

या वसतिगृहांवर आक्षेप असा की, ती जातवार होती. आक्षेप खराच आहे. आणि त्याचे उत्तर त्याच कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगातल्या एका दांडग्या विद्यार्थ्याने पुढे दिले. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला हजेरी लावून आल्यावर ‘आंघोळ करून आत ये’ अशी आज्ञा झाली. ती त्याने मानली नाही, आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. त्या मुलाचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. जन्म १८८७ सालचा, कुंभोजचा. शिक्षण बेताचेच. पुढे हा गृहस्थ किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकीत गावोगाव हिंडला. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या वाचकांनी हे विसरू नये, की महाराष्ट्रातली सर्वांत मोठी शिक्षणसंस्था ज्याने काढली, तो एका कारखान्याच्या मालाचा फिरता विक्रेता होता. खेड्यातला शेतकरी कशाला पैसे देतो आणि कशाला देत नाही, हे त्याला नांगराने शिकवले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह निघाले. त्यात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एका पंगतीला बसत, आणि स्वयंपाकाची कामेही मिळून करीत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. जमाखर्चाची तोंडमिळवणी कधीच होत नसे. खेड्यापाड्यांतून आयाबायांनी दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावे, आणि ते वसतिगृहाच्या कोठीत यावे, अशी योजना होती. तेही कमी पडले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला, आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, पुणे कराराची आठवण म्हणून पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले, तेही सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र.

भाऊरावांची खरी नवी कल्पना मात्र ‘कमवा आणि शिका’ ही. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने संस्थेच्या शेतात, बांधकामावर, रस्त्यावर काही तास काम करायचे. संस्थेने त्याचे जेवण, राहणे आणि शिक्षण पाहायचे. माधुकरीत विद्यार्थी मान खाली घालून शिके. येथे तो हाताला घट्टे पाडून घेई, पण कोणाचा मिंधा नसे. दान घेणाऱ्याचा हात खाली असतो, ही पिढीजात समजूत भाऊरावांनी कुदळीने खणून काढली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु या योजनेत आणखी एक मर्म होते, आणि ते मला फार उशिरा उमगले. काम संस्थेचे होते आणि वर्गही संस्थेचाच होता. कुदळीचे वेळापत्रक आणि तासाचे वेळापत्रक एकच हात आखत होता. परीक्षा जवळ आली तर कुदळ थांबू शकत होती. मुलाचे काम त्याच्या शिक्षणासाठी होते, आणि त्या कामाचा मालक त्याच्या शिक्षणाचाही जामीन होता. हे मर्म वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे आमच्या पट्ट्यात आल्यावर त्याचीच कसोटी लावायची आहे.

त्याआधी आणखी एका विद्यार्थ्याची आठवण केली पाहिजे. भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले ते सयाजीराव गायकवाडांच्या महिना २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर. १९१३ साली त्याच बडोदे संस्थानने महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी देऊन त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडले. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे नोकरी करण्यासाठी १९१७ साली ते बडोद्यास आले, तेव्हा कोलंबियाची विद्वत्ता गाठीशी होती आणि बडोद्यात राहायला खोली नव्हती. नाव लपवून ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले. ते कळताच काठ्या घेतलेले लोक दाराशी आले, आणि त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. एका बागेत झाडाखाली बसून त्यांनी तो दिवस काढला. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. शिष्यवृत्ती म्हणजे सर्व काही नव्हे, हे त्यांच्याइतके कोणाला कळले असेल?

म्हणूनच, मला वाटते, पुढे हाती सत्ता आली तेव्हा त्यांनी केवळ फीचा विचार केला नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा, असा आग्रह धरला. १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, आणि फीबरोबर निर्वाहभत्ताही सरकारी हिशेबात आला. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादेस पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झालेले महाविद्यालय. मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेल्या मुलांना मिलिंदच्या वसतिगृहांनी आसरा दिला. त्यांतून निघालेल्या लेखक-कवींनी पुढे मराठी साहित्याचा चेहराच बदलला. एका वसतिगृहाच्या खोल्यांनी वाङ्मयाला इतके द्यावे, हे उदाहरण आपल्याकडे विरळाच.

यानंतर येते १९५९ साल. ९ मे रोजी भाऊराव गेले. आणि त्याच वर्षी यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या सर्व विद्यार्थ्यांना, जात न पाहता, फी माफ करण्याचे ठरवले. आरंभी वार्षिक ९०० रुपये उत्पन्नाची मर्यादा होती, लवकरच ती १२०० झाली. ‘ई. बी. सी.’ ही तीन अक्षरे त्यानंतर मराठी घरांतली झाली. हजारो घरांतला पहिला पदवीधर या सवलतीने घडला, आणि त्याबद्दल त्या सरकारचे ऋण मानलेच पाहिजे. तथापि फी माफ झाल्याने शहरातल्या खानावळीचे बिल माफ होत नाही. ही उणीव पुण्यातल्या काही मंडळींनी आधीच ओळखली होती. १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन केली. खेड्यातून पुण्यास आलेल्या गरीब मुलांना, आणि पुढे मुलींनाही, अल्प खर्चात राहण्या-जेवणाची सोय, वसतिगृहाची कामे मुलांनीच वाटून करायची, काही तास कमवून शिकायचे, आणि शिकून मिळवते झाल्यावर मागून येणाऱ्यांसाठी हात पुढे करायचा, असा त्या समितीचा परिपाठ. सरकारने फी सोडली, समाजाने ताट वाढले. ही जोडी जमली तेथे मुले तडीस गेली.

आता आमच्या पट्ट्याकडे येतो. चिंचवड म्हणजे मोरया गोसावींचे आणि चापेकर बंधूंचे, चाकण म्हणजे १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शर्थीने लढवलेल्या किल्ल्याचे आणि कांद्याच्या बाजाराचे; बाकी सारी गावे ज्वारी-बाजरीची. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्या दशकात आकुर्डी-पिंपरीकडे दुचाक्या व मालमोटारींचे मोठे कारखाने उभे राहिले. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या नगरीची लोकसंख्या १७ लाखांच्या पुढे गेली. पुढे कारखाने इंद्रायणी ओलांडून खेड तालुक्यात शिरले, आणि गेल्या पंचवीस वर्षांत चाकणच्या माळावर मोटारींची नवी नगरी वसली. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून मुले येत राहिली. आरंभी ती केवळ कामाला येत. बारावी झालेली मुले वाढली, तशी ती ‘काम करता करता कॉलेजही करू’ असे म्हणून येऊ लागली.

याच काळात शिक्षणाचेही रूप पालटले. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, आणि दाराची संख्या वाढली तशी दारावरची किंमतही वाढली. १९८९ साली नाशिकास यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले. नोकरी करणाऱ्यांसाठी घरी बसून पदवी मिळवण्याची वाट त्याने उघडली. आमच्या पट्ट्यातल्या कित्येक कामगारांनी ती वाट धरली, हे मी पाहिले आहे.

येथे ते व्यक्तिगत कारण सांगितले पाहिजे. वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मराठवाड्यातून आलेला एक मुलगा होता. पहिल्या वर्षी त्याची उत्तरपत्रिका वाचून मी सहकाऱ्यांना दाखवली होती. फीसवलतीचा त्याचा अर्ज मीच भरून घेतला, दाखले मीच तपासले, आणि फी माफ झाली तेव्हा आपले कर्तव्य पार पडले, असे मला वाटले. दुसऱ्या वर्षी तो वर्गात डुलक्या घेऊ लागला. एक आठवडा यायचा, एक आठवडा नाही. एकदा मी सर्वांदेखत त्याला म्हणालो, ‘‘झोपायचे असेल तर खोलीवर झोपावे, राव. येथे कशाला येता?’’ मुले हसली. तो उभा राहिला, काही बोलला नाही, आणि खाली बसला. दिवाळीच्या सुटीनंतर तो आलाच नाही. पटावर त्याच्या नावापुढे मी लाल शाईने रेघ मारली.

सात-आठ वर्षांनी भोसरीच्या बसथांब्यावर तो मला भेटला. त्यानेच ओळख दिली, वाकून नमस्कार केला. एका लहान कारखान्यात तो यंत्रावर कायम झाला होता. मी विचारले, ‘‘फी माफ होती ना तुला? मग सोडलेस कशाला?’’ तो म्हणाला, ‘‘सर, फी माफ होती. पण बसायला जागा नव्हती.’’ मला अर्थ लागेना. मग त्याने सांगितले. एका खोलीत आठ जण, ‘कॉट बेसिस’वर. कॉट चार. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीवरून आलेला त्याच गादीवर निजे. दिवा लावावा तर कोणीतरी निजलेलेच असे. दर आठवड्याला पाळी फिरे. पहिल्या पाळीच्या आठवड्यात कॉलेज बुडे; रात्रपाळीच्या आठवड्यात तो कारखान्याच्या फाटकातून सरळ वर्गात येई. हजेरी ७५ टक्के भरेना, म्हणून परीक्षेचा अर्ज अडला. ‘‘तुम्ही म्हणालात खोलीवर झोप. त्या आठवड्यात सकाळी कॉट माझी नसायची, सर.’’ हे तो हसत हसत म्हणाला. मला मात्र हसता आले नाही.

तेव्हापासून मी भाऊरावांकडे नव्याने पाहू लागलो. आज आमच्याकडे ‘कमवा आणि शिका’ या नावाच्या पाट्या पुष्कळ दिसतात. विद्यापीठाची योजना भाऊरावांच्याच नावाने चालते. तीत मुले ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, बागेत काही तास काम करतात, आणि तो मार्ग त्यांचाच आहे. पण त्याच शब्दांची पाटी लावून बारावीच्या मुलांना यंत्रावर उभे करण्याचेही प्रकार आहेत. त्या सगळ्यांना मी नावे ठेवीत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने पुष्कळांच्या हाती कसब दिले, आणि काही कारखाने मुलांच्या पदविकेची मनापासून काळजी घेतात. म्हणून पाटी न वाचता एक साधी कसोटी लावावी: तास आणि पाळी यांची गाठ पडली, तर कोणी वाकायचे? पाळी वाकत असेल तर ती भाऊरावांची योजना. तासच नेहमी वाकत असेल, तर ‘कमवा’ तेवढे खरे आणि ‘शिका’ ही पाटीवरची रंगरंगोटी. साताऱ्यात कुदळ आणि तास यांचा धनी एकच होता. आमच्याकडे कॉलेज आपले वेळापत्रक लावते, कारखाना आपल्या पाळ्या लावतो, आणि दोहोंच्या मधल्या फटीत मुलगा सापडतो. दोष एकट्या कारखान्याचा म्हणता येत नाही. आम्ही कॉलेजवाल्यांनीही १८५५ सालची रात्रशाळा विसरून आपले घड्याळ भिंतीवर खिळ्याने ठोकून टाकले आहे.

सरकारला ही गोष्ट अगदीच उमगलेली नाही, असे नाही. २०१६-१७ पासून अनुसूचित जातीच्या, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना सुरू झाली. मुंबई, पुणे, नागपूर यांच्याबरोबर पिंपरी-चिंचवडसाठीही तिच्या मूळ दरपत्रकात वर्षाला ६०,००० रुपये होते: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. वाराच्या काळापासून जे जेवण कोणाच्या तरी ओसरीवर अवलंबून होते, त्याला सरकारी कागदावर आकडा मिळाला, याचे मला समाधान वाटते. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, मराठा व इतर मागासवर्गीय गटांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. हेही मोठेच पाऊल आहे. पण भोसरीच्या खोलीतल्या मुलाला विचारल्यावाचून आपण ‘आता काही कमी नाही’ असे म्हणू नये. आणि अशाच खोलीत मुलीला राहताच येत नाही, म्हणून ती गावाहून निघतच नाही, हेही विसरू नये.

त्या भेटीनंतर आम्ही तिघा-चौघा शिक्षकांनी दोन लहान गोष्टी केल्या. कॉलेजची अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी ठेवण्याची परवानगी मिळवली. किल्ली आळीपाळीने आम्ही सांभाळीत असू. आणि कामावर जाणाऱ्या मुलांची यादी करून जवळच्या कारखान्यांतल्या अधिकाऱ्यांना भेटलो. ‘पगार वाढवू नका, सुटी देऊ नका, सत्र संपेपर्यंत एवढ्या मुलांना दुसरी पाळी कायम द्या,’ एवढेच मागणे. काहींनी चहा देऊन वाटेला लावले. दोघांनी मान्य केले. त्या वर्षी त्या यादीतली जी मुले परीक्षेला बसली, ती त्या दोन कारखान्यांतलीच अधिक होती. यात आमचा पराक्रम काहीच नव्हता. पंधरा वर्षे आधी विचारले असते, तर पंधरा वर्षे आधी जमले असते.

माझ्या हातून फीसवलतीचे शेकडो अर्ज गेले. त्यांत उत्पन्नाचा रकाना होता, जातीचा होता, मागील परीक्षेतल्या गुणांचा होता. ‘रात्री कोठे निजतोस आणि पुस्तक कोठे उघडतोस’ हा रकाना मला छापील अर्जात कधी आढळला नाही. निवृत्त होण्याआधीची काही वर्षे मी तो अर्जाच्या मागल्या बाजूस पेन्सिलीने लिहून घेत असे. त्या उत्तरांवरून पहिल्या आठवड्यातच कळे की, कोणाच्या नावापुढे दिवाळीनंतर लाल रेघ ओढावी लागणार आहे. आणि मग ती टाळण्यासाठी हातात निदान चार महिने उरत.

अभ्यासिका अजून चालू आहे, असे ऐकतो. किल्ली आता तरुण शिक्षकांकडे आहे. अकराला दिवे मालवले की काही मुले खोलीवर जातात, आणि काही कोपऱ्यावर उभी राहून रात्रपाळीच्या बसची वाट पाहतात.